दोनदा केलेली दुरुस्ती

छत्रपती संभाजीनगर
३ जून २०२५

प्रिय करुणा,

बद्रीनाथ काल पाचोडहून परत आला, तो रिकाम्या हातानं नाही. तू दिलेल्या कैऱ्या त्यानं माझ्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी मी तुला पाठवलेला लिफाफा. न फोडलेला.

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं.

"बाई म्हणल्या, जेवून जा."

"आणि कागदाचं?"

"कागदाचं काय नाय म्हणल्या. म्या दोनदा म्हणलो, मॅडमनी सही आणायला धाडलंय. तर म्हणल्या, बद्रीभाऊ, भाकर गार व्हायली, आधी खा." मग दारातून वळून म्हणाला, "लई चांगल्या बाई हायेत, मॅडम."

हे मला आपल्या संशोधन केंद्राच्या ड्रायव्हरनं सांगावं! पाचवीच्या वर्गात तू आलीस त्या दिवसापासून मला ते ठाऊक आहे. तेलानं चप्प बसवलेले केस, दोन लाल रिबिनी आणि वडिलांच्या जुन्या पँटीतून बेतलेलं दप्तर. सिस्टर बेनेडिक्टांनी तुला माझ्या शेजारी बसवलं, कारण मी वर्गात सगळ्यात नीट इंग्रजी बोलायची. तुझ्या दप्तराला भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास यायचा. अजून कुठे तो वास आला की मी थांबते.

लिफाफा पुन्हा पाठवते आहे. या वेळी सोबत हे पत्र आहे, हातानं लिहिलेलं. ईमेल तू उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस. बद्रीनाथच्या हातून आलेलं पत्र तरी तू वाचशील.

आत काय आहे ते तुला न फोडताही कळलं असणार, तरी लिहिते. आपला २०२२ चा लेख, एकशे चाळीस गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा. फिनलंडच्या एका गटानं तीच चिप आपल्या आराखड्यावरून बनवली आणि त्यांच्याकडे तिची ताकद आपल्या आकड्याच्या निम्मीही भरली नाही. त्यांनी नियतकालिकाला लिहिलं, नियतकालिकानं दिल्लीला, आणि दिल्लीनं तिघांची समिती नेमली. बैठक एक जुलैला आहे.

चूक कुठे आहे ते समितीनं विचारण्याआधीच मी शोधून काढलं. चिपवर सुया टेकवून मोजमाप घेताना सुयाच थोडा सिग्नल खातात, आणि तेवढा भाग मागाहून भरून द्यावा लागतो. ही दुरुस्ती एकदाच करायची. आपल्या हातून ती दोनदा झाली, एकदा यंत्रात आणि पुन्हा आकडेमोडीत. म्हणून ती चिप जगात सगळ्यात ताकदवान दिसली, टाळ्या पडल्या आणि माझ्या गळ्यात हार पडला. तूही होतीस तेव्हा, दुसऱ्या रांगेत. निळी पैठणी नेसली होतीस.

आता समितीला फक्त एकच जाणून घ्यायचं आहे. दुसरी दुरुस्ती कोणाच्या हातून झाली?

लिफाफ्यातल्या कागदावर तीन ओळी आहेत. त्यात म्हटलंय की ती तुझ्या हातून, नजरचुकीनं झाली. नजरचूक हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. खाली सही कर आणि बद्रीनाथकडे दे. माजी कर्मचाऱ्यांचं म्हणणं समितीकडे योग्य मार्गानं, म्हणजे केंद्रप्रमुखामार्फत, म्हणजे माझ्यामार्फतच जायचं असतं, हे तुला माहीत आहे.

तू विचारशील, मीच का? चितेगावच्या पुढे नव्या राष्ट्रीय केंद्राची जागा ठरली आहे. देशाच्या बिनतारी दळणवळणाची पुढची वीस वर्षं तिथून चालतील. या लहरींच्या चिप आपण इथे, मराठवाड्यात बनवायच्या, हे स्वप्न आपण दोघींनी पाहिलं होतं ना? त्याच्या प्रमुखपदासाठी माझं नाव गेलं आहे. प्रमुखाची चूक ही संस्थेची चूक होते. सहकाऱ्याची चूक ही फक्त सहकाऱ्याची असते. आणि तू तर आता त्या सगळ्यातून बाहेर पडलीस. पाचोडला मुलींना भौतिकशास्त्र शिकवतेस, मावशींचं, तुझ्या आईचं, सगळं करतेस. तुला त्या नावाचं काय करायचं आहे?

कैऱ्यांचं लोणचं घालीन. तुझ्यासाठी एक बरणी ठेवते.

तुझी
संध्या

११ जून २०२५

प्रिय करुणा,

तू मला फोन केला नाहीस, रूपाला केलास. ती आता तुझ्या टेबलावर बसते आणि तुझ्यासारखीच सुया टेकवताना श्वास रोखून धरते. फोन ठेवल्यावर ती माझ्या खोलीत आली.

"मॅडम, करुणा मॅडमचा फोन होता."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, रूपा, कपाटात खालच्या कप्प्यात माझी निळी वही हाय का बघ गं. मी बघितलं. नाहीये तिथे."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं."

वही माझ्याकडे आहे, करुणा. घरी, कपाटात, आईच्या साड्यांच्या घडीत. तुझं अक्षर इतकं सुंदर आहे की ती वही ऑफिसात धूळ खात पडलेली मला बघवेना. १४ ऑगस्ट २०२२ चं पानही तसंच आहे. "दुरुस्ती यंत्रातच केली आहे. आकडेमोडीत पुन्हा करू नये." खाली दोन रेघा ओढल्या आहेस, पट्टीनं. सिस्टर बेनेडिक्टांनी लावलेली सवय. मी काहीही फाडलेलं नाही. मी तशी बाई नाही. फक्त वही कुठे आहे हे कुणाला कळायचं कारण नाही.

आणि तू ते नुसतं लिहिलं नव्हतंस, तोंडीही सांगितलं होतंस. तेवढं मी मान्य करते. लेख पाठवायचा शेवटचा दिवस होता. आकडेमोड मीच केली होती, पडद्यावर आलेख होता, सगळी मुलंमुली मागे उभी होती आणि तो आलेख वर, वर चढत चालला होता. तेवढ्यात तू मागून म्हणालीस,

"नाय नाय. थांबा मॅडम. ते दोनदा धरलंय."

मी वळून पाहिलं. आणि मला हसू आलं. खरंच आलं. पन्नाशी ओलांडली, डॉक्टरेट झाली, जर्मनीला दोन वर्षं राहून आलीस, पण घाबरलीस की तुझ्या तोंडून 'नाय'च निघायचं.

"नाय नाही, करुणा. नाही," मी म्हटलं. "आधी भाषा दुरुस्त कर, मग माझे आकडे."

मुलं हसली. आपला विद्यार्थी इंद्रजीत तर केवढ्यानं हसला. तू पण हसलीस. मला आठवतंय, तू पण हसलीस. मग खाली बघून खुर्ची नीट केलीस आणि पुन्हा काही बोलली नाहीस. तू पुन्हा बोलली असतीस तर मी थांबले असते, असं मला आज वाटतं. त्या दिवशी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मला तुझं म्हणणं कळलं होतं, पण आलेख फार सुंदर दिसत होता.

'नाय'वरून मला पाटी आठवली. तुलाही आठवली असणार. शाळेत मराठी बोलताना सापडेल तिच्या गळ्यात ती लाकडी पाटी घालायचे. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, मी आज नियम मोडला. पुढची कुणी मराठी बोलताना पकडली की पाटी तिच्या गळ्यात घालायची. शेवटच्या घंटेला जिच्याकडे पाटी, तिनं फाटकाजवळ उभं राहायचं, सगळ्या शाळेनं पाहावं म्हणून.

सातवीत एकदा ती माझ्याकडे राहिली होती. शेवटचा तास. मला घ्यायला माझे वडील, काकासाहेब, स्वतः येणार होते, वैजापूरहून, जीप घेऊन. त्यांनी मला तिथे उभं पाहिलं असतं तर! वर्गात कुणीच चुकेना. आणि तू तर बोलायचीच नाहीस. चुकू नये म्हणून तू दिवस दिवस गप्प बसायचीस.

तेव्हा मी बाकाखालून कर्कटकाचं टोक तुझ्या मांडीत घातलं.

"आई गं!" तू ओरडलीस. सिस्टर वळल्या. कोण बोललं, त्यांनी इंग्रजीत विचारलं. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी नाय, सिस्टर! मी नाय!"

सगळा वर्ग हसला. नाकारायचं तेही मराठीत! माझ्या गळ्यातली पाटी मी काढली आणि तुझ्या गळ्यात घातली. तुझी वेणी दोरीत अडकली होती, ती मी अलगद सोडवली. हे मला स्पष्ट आठवतं. मी तुझी वेणी सोडवली होती.

फाटकाजवळ तू उभी होतीस तेव्हा तुझे वडील आले, सायकल घेऊन. नागसेनवनातल्या कॉलेजात प्रयोगशाळेत परिचर होते ते, खाकी शर्टाला कायम ॲसिडची भोकं. त्यांनी तुझ्या गळ्यात पाटी पाहिली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचा चेहरा असा उजळला!

"बक्षीस भेटलं का बाई?"

तू मान हलवलीस. हो म्हणून हलवलीस. पुंडलिककाकांनी तिथल्या तिथे सायकल स्टँडला लावली आणि सिस्टरांना हात जोडले. सिस्टरांनीही गोंधळून हात जोडले. मी जीपमधून बघत होते. किती निरागस होती माणसं त्या काळी, करुणा.

तू ते तेव्हा निभावलंस. हे तर त्या मानानं काहीच नाही. तीन ओळी, एक सही.

तुझीच
संध्या

२३ जून २०२५

प्रिय करुणा,

काल मी पाचोडला येऊन गेले ते तुला कळलंच असेल. बाजाराचा दिवस होता. मावशी म्हणाल्या, करुणा बाजाराला गेलीय, येईलच. मी दोन तास बसले. रस्त्याच्या कडेला उभी असलेली केंद्राची गाडी तू लांबूनच पाहिली असशील आणि मागे वळली असशील. भाजीची पिशवी हातात घेऊन कुणाच्या तरी ओट्यावर बसली असशील. या वयात, उन्हात. असं का करतेस?

मावशी मात्र अगदी तशाच आहेत. मनकर्णाबाईंना नव्वदी जवळ आली असं कुणी म्हणणार नाही. डोळ्यांना कमी दिसतं एवढंच.

"कोण हाय?"

"मी संध्या, मावशी. करुणाची शाळेतली मैत्रीण."

"कंची संध्या? काकासाहेबाची? वैजापूरवाल्याची?"

"व्हय, मावशी."

त्यांनी माझा चेहरा चाचपला. "अगं बाई! लई म्हातारी झालीस की तू. मही पोरगीच बरी दिसते अजून."

केवढी हसले मी! कित्येक दिवसांत अशी हसले नव्हते. मग त्यांनी मला आत घेतलं, पाटावर नाही, थेट स्वतःच्या पलंगावर बसवलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्याशेजारी तुझा पीएचडीचा काळ्या गाऊनमधला फोटो. माझी आई तुला नेहमी बाहेरच्या ओट्यावर बसवायची, तिथे वारा छान यायचा म्हणून. तो ओटा आठवला.

मावशींनी मला सगळं सांगितलं. हैदराबादच्या संस्थेनं तुला बोलावलंय, मोजमापाची नवी प्रयोगशाळा उभी करायला. "जुलैत जायचं म्हणती. मलाबी नेणारे. म्या म्हणलं, मला आंधळीला कुठं नेती? तर म्हणती, आई, तिथं माझ्या हाताखाली पंधरा मान्सं असतील, तुला दोघी बाया ठेवीन." आणि हे सांगताना त्या एवढ्या खुशीत होत्या की मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.

तू मला हे कळवलं नाहीस. मी तर समजत होते, तुला आता नावाचं काही करायचं नाही.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. चहा झाल्यावर मावशी म्हणाल्या,

"मही पोरगी ल्हानपनापासूनच हुशार. सातवीत बक्षीस भेटलं व्हतं तिला. गळ्यात घालून उभी केली व्हती शाळेनं, समद्यायच्या म्होरं. ह्यांनी मरस्तोवर सांगितलं जो भेटंल त्याला. बक्षीस घेतल्यावर मास्तरनीनं ह्यांना हात जोडले व्हते म्हनं. तुह्या ध्यानात हाय का?"

"आहे की मावशी. मी तिथेच होते."

"मग सांग बरं, कशाचं व्हतं ते? करुणा काय सांगत नाय. इचारलं की म्हणती, इसरले."

मी चहाचा कप खाली ठेवला. खूप वेळ ठेवत होते असं वाटलं. मग म्हटलं, "मावशी, आत्ता गडबडीत आहे. पुढच्या खेपेला निवांत बसून सांगते. सगळं नीट आठवून सांगते."

"ये बरं. वाट बघते म्या."

मी काही बोलले नाही, करुणा. तुझी शपथ. पुंडलिककाका ज्या अभिमानानं गेले तो अभिमान मी कशाला मोडू? पण मी म्हाताऱ्या माणसाला शब्द दिला आहे आणि मला शब्द मोडायला आवडत नाही. कागद शुक्रवारपर्यंत पोचला तर मला इतक्यात पाचोडला यायचं कारण उरणार नाही. नाही पोचला, तर रविवारी येईन. मावशींना जुन्या गोष्टी ऐकायला फार आवडतात.

पत्र जरा कठोर वाटेल. पण आपल्या दोघींत औपचारिकपणा कधी होता?

संध्या

२८ जून २०२५

करुणा,

कागद पोचला. काल दुपारी मी सचिवालयाच्या फोनवर होते, म्हणून बद्रीनाथनं तो रूपाच्या हातात दिला. रूपानं तो तिथल्या तिथे स्कॅन करून समितीला पाठवून दिला. फार तत्पर मुलगी आहे. मी फोन ठेवून बाहेर आले तोवर तो गेला होता. त्यामुळे सहीखालची ओळ मी नंतर वाचली.

टंकलिखित तीन ओळी इंग्रजीत. त्यांच्याखाली तुझी सही, तीही इंग्रजीत. आणि सहीच्या खाली, कागदाच्या पार तळाशी, तुझ्या त्या सुंदर अक्षरात, देवनागरीत, शाईनं:

ही चूक माझी नाय.

चार शब्द. तीन शुद्ध, एक अशुद्ध.

सोबतची चिठ्ठी बद्रीनाथनं मला वेगळी दिली. ती मी इथे उतरवते, म्हणजे उद्या तू म्हणायला नको की मला ती मिळाली नाही. "सही आईसाठी केली. खालची ओळ तुझ्यासाठी आहे. इंग्रजीत लिहिली असती तर समितीनं नुसती वाचली असती. मराठीत लिहिली म्हणजे ते तुला विचारतील. सगळ्यांसमोर तू ती वाचून दाखव, संध्ये. एकदा तरी."

संध्ये! किती वर्षांनी म्हणालीस. केंद्रात आल्यापासून तू मला मॅडमच म्हणत आलीस, आपण दोघीच असलो तरी. मी कधी सांगितलं नव्हतं तसं. पण कधी अडवलंही नव्हतं.

मी ती चिठ्ठी घेऊन गाडीनं मकबऱ्याच्या बाजूला गेले आणि बाहेरच बसून राहिले. कॉलेजात असताना आपण तिथे अभ्यासाला यायचो, आठवतं? तू मला लहरींचं समजावून सांगायचीस. लहर जितकी वरची तितकी तिची धाव कमी, असं तू म्हणायचीस. फार वर गेलं की भिंत सोड, नुसता हाताचा पंजा आडवा धरला तरी ती अडते. मग तिला समोरासमोर उभं राहूनच बोलावं लागतं. तू तेव्हा माझ्या तोंडासमोर पंजा धरायचीस आणि विचारायचीस, "ऐकू येतंय का?"

मी वाचून दाखवीन. सगळ्यांसमोर, तू लिहिलंस तसंच. हा माझा शब्द.

संध्या

२ जुलै २०२५

माझी लाडकी करुणा,

बैठक काल झाली. तुला सगळं सांगायलाच हवं, कारण तू नव्हतीस आणि तुझ्याबद्दलच बोलणं होतं.

पडद्यावर तिघे होते. अध्यक्ष चेन्नईचे, वयस्कर, कानाला यंत्र. एक केरळचे, ते सगळा वेळ चष्मा पुसत होते. आणि बंगळूरच्या एक बाई, हुशार डोळ्यांच्या, तुला आवडल्या असत्या. माझ्या शेजारी रूपा, कागद लावायला.

पहिला अर्धा तास आकड्यांत गेला. मग अध्यक्षांनी तुझा कागद पडद्यावर आणला. तीन ओळी मोठ्यानं वाचल्या. मग म्हणाले, खाली हातानं काहीतरी लिहिलं आहे, ते काय आहे?

मी म्हटलं, मराठी आहे. वाचून दाखवते.

आणि मी वाचलं, करुणा. अक्षर न् अक्षर. "ही चूक माझी नाय." आवाज स्वच्छ होता. शब्द पाळला मी.

अध्यक्षांनी विचारलं, अर्थ?

पंख्याचा आवाज येत होता. मी तुझ्या अक्षराकडे पाहत होते. खरं सांगते, त्या क्षणी मी दोन्ही करू शकले असते. माझ्या तोंडात दोन्ही वाक्यं तयार होती आणि दोन्ही सारख्याच वजनाची होती.

मी म्हटलं, "ती म्हणते, ही चूक माझी आहे."

अध्यक्षांनी मान हलवली. केरळच्या गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पण बंगळूरच्या बाईंनी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या असाव्यात. त्या पडद्याजवळ वाकल्या, अक्षरं जुळवत हळूहळू वाचलं आणि मला हिंदीत विचारलं, "चूक तो समझ गई. यह आख़िर में 'नाय' क्या है? 'नहीं' तो नहीं?"

रूपाचं पेन थांबलं. मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

"नहीं मॅडम," मी हसून म्हटलं. "नकारासाठी मराठीत 'नाही' शब्द आहे. तसं म्हणायचं असतं तर तिनं 'नाही' लिहिलं असतं. हे 'नाय' आमच्या खेड्याकडचं आहे, वाक्याच्या शेवटी नुसतं लावतात. तुमच्या 'ना'सारखं. ही चूक माझीच ना, असं."

त्या म्हणाल्या, "अच्छा. हाउ स्वीट."

मग त्यांनी रूपाकडे पाहिलं. "तुम्हीही मराठी ना?" रूपा हो म्हणाली. "बरोबर आहे हे?"

रूपाची नेमणूक पक्की व्हायचा अहवाल माझ्या टेबलावर आहे. मी त्याबद्दल तिला कधी एक शब्द बोललेले नाही. ती आधी तुझ्या अक्षराकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग म्हणाली, "मी शहरात वाढले मॅडम. खेड्याकडचं मला तितकंसं माहीत नाही." बैठक संपल्यावर ती जागेवरून उठली नाही. मी तिच्यासाठी चहा मागवला, तो तसाच राहिला. गोड मुलगी आहे, तुझ्याच वळणावर गेली आहे. गप्प बसायला शिकते आहे.

निर्णय लगेच झाला. लेख मागे घ्यायचा, कारण नोंदवायचं ते तिसऱ्या लेखिकेची नजरचूक, तिनं स्वतः आणि स्वहस्ते मान्य केलेली. अध्यक्ष म्हणाले, स्वतःच्या भाषेत एवढ्या साधेपणानं कबुली देणारी माणसं आता राहिली नाहीत. मला भरून आलं. ते मला भरून आलेलं त्यांनी पाहिलं, आणि नव्या केंद्राबद्दल बोलताना त्यांचा आवाज मऊ झाला होता.

आज सकाळी हैदराबादहून फोन आला. त्यांना निर्णयाची प्रत हवी होती. मी पाठवली. न पाठवून कसं चालेल, तो आता सार्वजनिक कागद आहे. ते म्हणाले, मग आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल. मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, मनानं फार चांगली आहे, फक्त तपशिलात चुकते. मावशींना तू काहीतरी सांगशीलच. तुला जमतं ते. बक्षिसाचं तर तू चाळीसहून जास्त वर्षं निभावलंस, आणि आता माझ्याकडूनही त्याला धोका नाही. मी येणार नाही.

हे पत्र तू कुणाला दाखवशील का, असा विचार क्षणभर माझ्या मनात आला. दाखवणार नाहीस. आणि दाखवलंस तरी ते मराठीत आहे. समितीकडे जायचं तर योग्य मार्गानं जाईल, माझ्याच टेबलावरून, आणि अर्थ विचारायला ते मलाच बोलावतील.

लोणचं मुरलं आहे. बरणी बद्रीनाथबरोबर पाठवते. झाकण घट्ट बसलंय, उघडताना जपून.

रागावू नकोस. मी तुला दोष देत नाही. पण राहून राहून एकच वाटतं. त्या बाईंना हिंदी येत होतं. एक अक्षर वेगळं असतं तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नसतं, त्या स्वतःच म्हणाल्या असत्या की हा तर नकार आहे, आणि मला तोंड उघडायला जागा राहिली नसती. तेवढं एक अक्षर. मी तुला फाटकाजवळ सांगितलं, बाकावर सांगितलं, मकबऱ्याबाहेर सांगितलं, सगळ्या प्रयोगशाळेसमोर सांगितलं. आयुष्यभर मी तुझी ती एकच दुरुस्ती करत आले आणि तू ऐकलं नाहीस.

नाय नव्हे, करुणा. नाही.

तुझीच
संध्या